गोऱ्हा की कालवड?

गाय व्याली अशी वार्ता कानी आली की तिच्या पाठोपाठ एक प्रश्न ठरलेला असतो : "काय झालं? गोऱ्हा का कालवड?" घरात मूल जन्मले असताही आपण असाच प्रश्न विचारतो, आणि त्याच्या उत्तराने कोणाकोणाचे चेहरे कसे खुलतात अथवा पडतात हे आमच्या वाचकभगिनींस आम्ही सांगावयास नको. मौज अशी की, आमच्या बाळपणी या दोन्ही प्रश्नांचे इष्ट उत्तर एकाच जातीचे असे. घरात मुलगा हवा असे व गोठ्यात गोऱ्हा. आज आम्ही साठी ओलांडली. घरात मुलीचे पेढे वाटले जाताना आम्ही पाहतो व त्याचे आम्हांस समाधान वाटते. गोठ्यातही आता कालवडीच्या जन्माने लोक हरखतात. परंतु तेथील या बदलाची किंमत गोऱ्हा आपल्या प्राणाने देत आहे. तो प्रकार शहरात राहणाऱ्या वाचकांच्या सहसा दृष्टीस पडत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या पूर्वजांनी गाईच्या विण्याकडे किती बारकाईने पाहिले होते, ते ज्यांनी अमरकोश पाठ केला आहे त्यांना ठाऊक असेल. एकदाच व्यालेली ती गृष्टि, नुकतीच व्यालेली ती धेनु, व्याल्यास पुष्कळ दिवस लोटलेली ती बष्कयणी, गर्भ टाकणारी ती वेहत्, वांझ ती वशा. दरवर्षी नेमाने विणाऱ्या गाईस 'समांसमीना' असे एक स्वतंत्र नाव आहे आणि या एका शब्दाच्या सिद्धीसाठी पाणिनीने निराळे सूत्र खर्ची घातले आहे. शाळेत हा शब्द शिकविताना मुले हसत. गोठा असलेल्या घरातील मुले मात्र हसत नसत; वर्षाला वेत देणारी गाय म्हणजे काय वस्तू आहे हे त्यांना घरी कळलेले असे.

प्रथम थोडे परदेशाकडे वळू. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, स्कॉटलंड इत्यादी देशांत मांसासाठी गुरे पाळण्याचा धंदा मोठा आहे. या विषयाचा उच्चारही आपल्या घरांतून रुचत नाही हे आम्ही जाणतो; तथापि तेथील लहान शेतकऱ्याचा गोठा कसा चालतो हे कळल्यावाचून आपल्या गोठ्याची स्थिती नीट ध्यानात यावयाची नाही. हा शेतकरी तीस-चाळीस गाई बाळगतो, पण एकीचीही धार काढीत नाही. सगळे दूध वासराचे. वळू कळपात वर्षातून दोन-तीन महिनेच सोडलेला असतो, त्यामुळे सर्व गाई पुढे दोन-तीन महिन्यांच्या आतच वितात. आणि हा काळ बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस साधलेला असतो, म्हणजे गाईंना दुधाचा जोर येतो त्याच सुमारास कुरणात कोवळे गवत फुटते. पहिलारू गाईसाठी तो मुद्दाम असा वळू निवडतो की ज्याची वासरे जन्मतः लहान असतात. ते दोन-तीन महिने घरातील माणसे पाळीपाळीने रात्री उठून कळपात फिरतात, कारण जितकी वासरे जगतील तितकेच त्या घराचे वर्षाचे उत्पन्न. सहा-आठ महिन्यांनी वासरू आईपासून तोडून विकतात. तेथे गोऱ्ह्यास कालवडीपेक्षा भाव चढा मिळतो. कारण त्याच्या अंगी मांस अधिक भरते.

या धंद्यातील एका जातीचे नाव ऐकून आमचे वाचक चकित होतील. ते नाव 'ब्राह्मण'! आपल्याकडील गीर, कांकरेज, ओंगोल व कृष्णाकाठची गुरे यांच्या रक्तातून अमेरिकेच्या दक्षिण भागात ती जात तयार झाली आणि १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांनी संघही स्थापला. उन्हाला व गोचिडांना न डगमगणारी म्हणून तिची तेथे वाखाणणी होते. सांगलीकडच्या कृष्णामाईच्या पाण्यावर वाढलेल्या वंशाला समुद्रापार हे नाव आणि हे प्राक्तन मिळावे, यावर आम्ही अधिक काय लिहावे?

महाराष्ट्रात हा धंदा नाही व कायद्याने होऊही शकत नाही. गोवधास येथे १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. बैल व वळू यांनाही ती लागू करणारी सुधारणा विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केली होती, तिला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली. परंतु एका बाबतीत आपल्या मराठवाड्याची जुनी गाय त्या परदेशी गाईची बहीणच होती. तीही दुधासाठी पाळलेली नव्हती, वासरासाठी पाळलेली होती. कंधारकडची लाल कंधारी घ्या. अंगाने गडद लाल, चणीने मध्यम, कष्टाला चिवट. एका वेताचे दूध उणेपुरे सहाशे लिटर. उदगीर-देवणीकडची देवणी दुधाला तिच्यापेक्षा सरस. तरी तिचेही वेत आठ-नऊशे लिटरांच्या आसपास. तिच्यात पांढऱ्या अंगाची व काळ्या तोंडाची वानेरा, पांढरीशुभ्र बालंक्या आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची शेवरा असे तीन प्रकार जाणते लोक ओळखतात. या गाईंचे मोल चरवीत नव्हते, औतात होते. गोऱ्हा झाला म्हणजे चार वर्षांनी एक बैल घरचा झाला. दोन गोऱ्हे लागोपाठ झाले म्हणजे जोडी जमली. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात अशा जोडीची दोरी हातात धरून उभा राहिलेला कुणबी आम्ही पाहिला आहे. मुलीच्या लग्नाचा खर्च तो त्या दोरीत पाहत असे.

आमचे घर छत्रपती संभाजीनगरात असले तरी शेत पैठण तालुक्यात आहे, आणि आमच्या एकत्र कुटुंबाने ते अद्याप वाटून घेतलेले नाही. गोठ्यात तीन गाई : एक लाल कंधारी, तिचीच एक कालवड जी आता गाय झाली आहे, आणि पुतण्याने आग्रहाने आणलेली एक संकरित. निवृत्तीनंतर आम्ही पावसाळ्याचे महिने बहुधा तेथेच काढतो. गाय वर्षभरात केव्हाही वितेच. पण आमच्या भागातील देशी गाईंची बहुतेक वेते आषाढापासून आश्विनापर्यंत होतात असे आमच्या पाहण्यात आहे. कारण उघड आहे. पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्याने गाय अंग धरते, दसरा-दिवाळीच्या सुमारास माजावर येते, आणि तेथून नऊ महिने नऊ दिवस मोजले की आषाढ-श्रावण येतो. म्हणूनच आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, सवत्स धेनु पूजेला मिळावयास अडचण पडत नसे. त्या दिवशी आपल्या घरांतील स्त्रिया गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य करतात. एक दिवस का होईना, वासराचे वासराला मिळावे असा याचा व्यावहारिक अर्थ आम्ही लावतो. शास्त्री लोक निराळा लावीत असल्यास त्यांच्याशी आमचा वाद नाही.

आता प्रत्यक्ष विण्याकडे येऊ. गाय आठवडाभर आधीपासून सांगू लागते, ऐकणारा पाहिजे. कास उतरते, सड तटतटतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे स्नायू ढिले पडून तेथे खळगे दिसतात. विण्याच्या दिवशी ती चाऱ्यावरून तोंड काढते, कळपापासून दूर जाऊ पाहते, उठते, बसते, मागे वळून आपल्याच कुशीकडे पाहते. या वेळी तिला मोकळी, कोरडी, अंथरलेली जागा द्यावी आणि माणसांनी लांब व्हावे. बाळंतिणीच्या खोलीत चौघीजणी असल्या तर धीर येतो. गाईचे तसे नाही. तिच्याभोवती गर्दी झाली की वेणा थांबतात. पाणमोट दिसल्यावर बहुधा तासाभरात, पहिलारू असल्यास आणखी थोड्या वेळाने, वासरू बाहेर येते. आधी पुढचे दोन खूर, आणि त्यांवर टेकलेले नाक, जणू काय पाण्यात सूर मारावयास निघालेला पोरगा. असे दिसले की निश्चिंत असावे. दोन तास होऊनही प्रगती नाही, किंवा खूर एकच दिसतो, किंवा शेपूट आधी दिसते, तर मात्र ओढाताण न करिता डॉक्टरास बोलवावे. हल्ली १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास पशुवैद्यकाची फिरती गाडी येते, ही सोय आमच्या लहानपणी असती तर किती गाई वाचल्या असत्या!

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या संकरित गाईवर असाच प्रसंग आला. रात्री अकराचा सुमार, बाहेर झड लागलेली, वीज गेलेली. कंदिलाच्या उजेडात एक खूर व नाक दिसत होते. दुसरा पाय मागे दुमडलेला. आमचा वाटेकरी वयाने पन्नाशीचा, शेकडो वेते पाहिलेला, पण तोही म्हणाला, "गुर्जी, हे आपलं काम न्हाई. दोर लावला तर माय बी जाईल अन् लेकरू बी." ओढा भरलेला होता, त्यामुळे डॉक्टरांची गाडी अलीकडे येऊ शकेना. ते गृहस्थ तरुण होते. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पिशवी डोक्यावर घेऊन, ओढा उतरून आले. हात कोपरापर्यंत धुतले, तेल लावले, आणि वेणांच्या मधल्या विश्रांतीत वासरास थोडे आत लोटून तो दुमडलेला पाय अलगद सरळ केला. खुराला आपल्या तळव्याची वाटी लावून त्यांनी तो बाहेर आणला, म्हणजे गर्भाशयाला इजा होऊ नये. यात पुरा पाऊण तास गेला. मग प्रत्येक वेणेबरोबर खालच्या दिशेने थोडासा ओढ, वेण थांबली की आपणही थांबावयाचे. वासरू आले ते निपचित. नाकातोंडातील चिकटा काढून, गवताच्या काडीने नाकपुडी चाळविताच ते शिंकले. आमच्या सूनबाई गोठ्याच्या दारात छत्री धरून उभ्या होत्या. त्या शिंकेबरोबर त्यांनी टाळी वाजविली. पुतण्याने कंदील जवळ नेला, वासराची मागची तंगडी उचलून पाहिली, आणि एकच शब्द उच्चारला : "गोऱ्हा." त्या शब्दात जो स्वर होता तो आम्ही विसरलो नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी हाच शब्द याच गोठ्यात उच्चारला असता तर त्यात आनंद असता.

वासरू जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत जे होते त्यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. गाईने चाटावे, ती न चाटील तर आपण कोरड्या गवताने चोळावे. नाळ दोन बोटे ठेवून स्वच्छ कात्रीने कापावी व टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. आणि चीक पाजावा, तो लगोलग. आमच्या भागात एक जुनी समजूत अशी की वार पडेपर्यंत वासरास पाजू नये. ही समजूत घातक आहे. मनुष्याच्या गर्भाला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये पोटात असतानाच मिळतात; गाईच्या वारेची रचना निराळी असल्यामुळे वासराला ती मिळत नाहीत. ते अगदी रिक्तहस्ताने जन्मास येते. ती सारी शिदोरी चिकात असते, आणि तीही वासराच्या आतड्यास पहिला दिवसभरच शोषून घेता येते. तासागणिक ते दार मिटत जाते. देशी वासराचे वजन वीस-पंचवीस किलो धरिले तर पहिल्या दिवसात दोन-अडीच लिटर चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे, व त्यातील निम्मा पहिल्या एक-दोन तासांत. वार साधारण आठ-बारा तासांत आपोआप पडते. तशी न पडल्यास तिला वीट किंवा जुनी वहाण बांधण्याचा जो प्रकार खेड्यांतून चालतो तो करू नये. गर्भाशयास इजा होऊन गाय कायमची वांझ होण्याची भीती असते.

चिकाचा विषय निघाला म्हणजे खरवस आलाच, आणि येथे आमच्या वाचकभगिनी आमच्यावर रुष्ट होतील. वेलदोडा-केशर घातलेली, सुरीने कापली तरी न मोडणारी खरवसाची वडी आम्हांसही प्रिय आहे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अभक्ष्य पदार्थांची जी यादी आहे तीत गाईचे पेयूष, म्हणजे हाच चीक, स्पष्टपणे आले आहे. आणि व्याल्यापासून दहा दिवस उलटले नाहीत अशा गाईचे दूधही तेथे निषिद्ध मानले आहे. सोवळ्यातील स्वयंपाकघरात, देवाला नैवेद्य दाखवून, शतकानुशतके आपण हा निषेध गोड करून खात आलो आहोत! निषेधाचा हेतू काहीही असो, त्याचे फळ वासराच्या पदरात पडत होते यात शंका नाही. आमच्या घरी आता असा प्रघात आहे की पहिल्या दिवसाचा चीक वासराचा. त्याचे पोट भरून उरेल तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा घरात यावा. थोरल्या वहिनी म्हणतात की तिसऱ्या दिवसाच्या चिकाची वडी पडत नाही. ते खरे आहे. आम्ही ती वाटीत घेऊन चमच्याने खातो.

हे सर्व सांभाळून वासरू उभे राहिले, आणि तो गोऱ्हा निघाला, तर पुढे काय?

ट्रॅक्टराने औत गिळले. जी पेरणी पूर्वी दोन जोड्या चार दिवसांत करीत ती आता भाड्याच्या ट्रॅक्टराने दुपारपर्यंत उरकते. त्याच काळात दुधासाठी संकर आला. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे बायफ ही संस्था स्थापिली, तिने व सरकारने कृत्रिम रेतनाचा प्रसार गावोगाव केला. त्यामुळे अनेक कोरडवाहू घरांत दुधाचा रोजचा पैसा आला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु संकरित गोऱ्ह्याला वशिंड जवळजवळ नाही, त्यामुळे जू नीट बसत नाही. वैशाखाच्या उन्हात तो धापा टाकतो. औताला निरुपयोगी, दुधाला अर्थातच निरुपयोगी, आणि २०१५ नंतर त्याला कायदेशीर गिऱ्हाईकही उरलेले नाही. राज्यातील गोवंशाची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांवर आली. कायद्याने वध थांबविला. पण गाय-बैल पाळण्याची ऐपत किंवा इच्छा कायद्याने उत्पन्न होत नाही.

मग या गोऱ्ह्याचे होते तरी काय? हे लिहिताना लेखणी अडखळते, पण लिहिले पाहिजे. त्याला कोणी मारीत नाही. फक्त पाजीत नाही. पान्हा फुटण्यापुरता तो सडाला लावावयाचा आणि लगेच ओढून बांधावयाचा. तीन आठवड्यांत बरगड्या मोजता येतात, मग हगवण लागते, आणि एके दिवशी सकाळी तो उठत नाही. 'टिकला नाही' असे म्हणतात. जे त्यातूनही टिकतात ते वर्षा-दीड वर्षांचे झाले की एखाद्या रात्री दावे सोडून शहराच्या हमरस्त्यावर सोडून दिले जातात. आमच्या शहरातील रस्त्यांच्या मध्यभागी रात्री बसलेले, ट्रकांच्या दिव्यांनी डोळे दिपलेले हे जीव वाचकांनी पाहिले असतील. त्यांपैकी एकही जन्मतः बेवारस नव्हता. ज्या घरी तो जन्मला तेथे वसुबारसेस त्याच्या आईची पूजा झालेली असण्याचा संभव आहे. यात एकट्या शेतकऱ्यास दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ज्याच्या घरी माणसांपुरते धान्य कष्टाने पिकते, कडब्याची पेंढी ज्याला विकत घ्यावी लागते, त्याने निष्फळ तोंड वीस वर्षे पोसावे असे शहरात बसून दूध पिणाऱ्या आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? १९७२ च्या दुष्काळात आमच्याच घरातील चार बैल चाऱ्यावाचून मातीमोलाने गेले, ते आम्ही दहा-अकरा वर्षांच्या वयात डोळ्यांनी पाहिले आहे.

विज्ञानाने यावर एक तोड काढली आहे. शहराजवळच हर्सूल येथे राज्याच्या पशुधन विकास मंडळाची गोठविलेल्या रेताची प्रयोगशाळा पूर्वीपासून आहे. अशा प्रयोगशाळांच्या रेतमात्रांबरोबर आता लिंग निवडलेल्या मात्राही मिळू लागल्या आहेत. त्या वापरल्यास शंभरांपैकी सुमारे नव्वद वासरे कालवडी होतात. पुतण्या म्हणतो, "काका, जन्मून हाल होण्यापेक्षा जन्मालाच न येणं बरं नाही का?" संकरित गाईच्या बाबतीत आम्ही त्याचे म्हणणे मान्य केले आहे. लाल कंधारीच्या बाबतीत मात्र केले नाही. तो वंश मुळातच थोडा उरला आहे. त्यात चांगले गोऱ्हे जन्मलेच नाहीत तर पुढचे वळू कोठून यावयाचे? शिवाय कंधारीच्या गोऱ्ह्यास अद्याप गिऱ्हाईक आहे. डोंगराळ, दगडगोट्यांच्या रानात, जेथे ट्रॅक्टर उलटतो, तेथे बैलच लागतो. ऊस वाहणाऱ्या गाडीवानांसही तो हवा असतो. तीन वर्षांपूर्वीचा आमचा कंधारी गोऱ्हा कन्नडकडील एका शेतकऱ्याने जोडीस जोड म्हणून स्वतः येऊन नेला, आणि मागील पोळ्यास त्याच्या शिंगांना बेगड लावून काढलेले छायाचित्र पाठविले.

श्रावणातल्या त्या झडीत जन्मलेला संकरित गोऱ्हा मात्र आमच्याच दावणीला आहे. पहिले दोन महिने तो पोटभर प्याला. त्याबद्दल घरात कुरकूर झाली नाही असे नाही. पुतण्याने हिशेब मांडला की त्याच्या वैरणीस रोज इतके रुपये पडतात. सूनबाईंनी दुसरा हिशेब मांडला की तिन्ही गाईंच्या बरोबरीने तोही शेण देतो, त्या शेणावर गोबरगॅसची चूल चालते आणि उरलेली मळी मोसंबीच्या झाडांना जाते. दोन्ही हिशेब खरे आहेत, आणि त्यांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही. वाटेकऱ्याने हौसेने त्याला हलक्या कोळप्यास जुंपून पाहिले. पावसाळ्यात सकाळच्या गारव्यात तो चार-पाच तास बरा चालतो, उन्हे चढली की आडवा पडतो. तेव्हा त्याला सकाळचेच काम द्यावयाचे असे ठरले आहे.

थोरली कंधारी आता नवव्या महिन्यात आहे. कास उतरू लागली आहे, आणि काल संध्याकाळपासून ती वैरणीतले धाट वेगळे करून कोवळा पालाच तेवढा खाते. वाटेकऱ्याने गोठ्याच्या पूर्वेकडील कोपरा झाडून तेथे मुरूम टाकला, वर उसाचे पाचट अंथरले, आणि आयोडीनची बाटली कोनाड्यात मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंच ठेवली. थोरल्या वहिनींनी तिच्यासाठी बाजरीचा घाटा करण्यास गूळ वेगळा काढून ठेवला आहे.